पंगत घालणाऱ्यानं उष्टीही काढावीत

इंग्लंडमधल्या एखाद्या घरामागची छोटी बाग. ऑगस्ट संपत आलेला. लोखंडी दांड्याला टांगलेल्या दाण्यांच्या नळीवर चिमणीएवढा, हिरवट-पिवळ्या रंगाचा, जाड चोचीचा एक पक्षी बसला आहे. ऊन असूनही कडाक्याच्या थंडीत बसावं तशी पिसं फुगवलेली. घरातलं कोणी दार उघडून बाहेर येतं, तसे बाकीचे पक्षी भुर्रकन उडून कुंपणात शिरतात. हा मात्र जागचा हलत नाही. सूर्यफुलाचा दाणा चोचीत धरतो, चघळतो, पुन्हा चघळतो आणि खाली पाडतो. चोचीभोवतीची पिसं ओली आहेत आणि त्यांना दाण्यांचा कोंडा चिकटलाय. ‘‘किती माणसाळलाय बघ!’’ असं म्हणत कोणीतरी हळूच मोबाइल काढून फोटोही घेतं.

तो माणसाळलेला नाही. त्याच्यात उडण्याचं त्राण उरलेलं नाही. घशात पिवळट लगदा साचलाय आणि दाणा त्याच्यापुढे जात नाही. भरल्या ताटावर बसून तो उपाशी मरतो आहे.

हा ग्रीनफिंच. ब्रिटनच्या बागांत एके काळी इतका सर्रास दिसायचा, की आपल्याकडे साळुंकीकडे जसं कोणी मान वळवून बघत नाही, तसंच त्याच्याकडेही बघत नसत. त्याला मारणारा जीव डोळ्यांना दिसत नाही. ट्रायकोमोनास गॅलिनी हे त्याचं नाव. एकपेशीय परजीवी, लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, पुढच्या टोकाला चाबकासारखे चार तंतू. १८७८ मध्ये रिव्होल्टा या इटालियन संशोधकानं त्याचं वर्णन केलं. पक्ष्याचं तोंड, घसा आणि गळ्यातली अन्नाची पिशवी ही त्याची वस्तीची जागा. तिथल्या अस्तराला जखमा होतात, त्यावर लगदा साचत जातो आणि अन्नाची वाट बुजते. पक्षी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत मरतो. माणसाला किंवा घरातल्या कुत्र्या-मांजराला यापासून धोका नाही. बातम्यांत या रोगाला फारशी जागा मिळत नाही, याचं कारण बहुधा हेच असावं.

हा रोग पसरतो कसा, हे समजायला मराठी माणसाला एक शब्द पुरतो: उष्टं. परजीवी लाळेतून पसरतो. आजारी पक्षी दाणा चोचीत घेतो, गिळता येत नाही म्हणून टाकतो, आणि तो ओला दाणा दुसरा उचलतो. पाण्याच्या भांड्यातही हेच होतं. विणीच्या दिवसांत नर मादीला भरवतो, दोघं मिळून पिल्लांना भरवतात, तेव्हाही परजीवी एका घशातून दुसऱ्या घशात जातो. पक्ष्याच्या अंगाबाहेर तो फार काळ तग धरत नाही. कोरडं पडलं की मरतो. त्याला थोडा ओलावा आणि थोडी गर्दी लागते. बागेतल्या दाण्याच्या थाळीत दोन्ही आयतं मिळतं. आपल्या आज्यांचे उष्ट्या-खरकट्याचे नियम बरेचदा सोवळ्या-ओवळ्याच्या आणि जातीपातीच्या फंदात वाया गेले, हे खरं. पण एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये, एवढा त्यातला भाग ग्रीनफिंचच्या बाबतीत अक्षरशः जीवनमरणाचा ठरला.

रोग तसा जुनाच. कबुतरं पाळणारे त्याला ‘कँकर’ म्हणतात. शिकारीसाठी ससाणे पाळणाऱ्या युरोपीय लोकांच्या काही शतकांपूर्वीच्या पुस्तकांत त्याला ‘फ्राउन्स’ म्हटलेलं आढळतं, कारण कबुतर खाल्लेल्या ससाण्याच्या तोंडातही तेच पिवळे चट्टे दिसत. पारवे आणि होले हे या परजीवीचे मूळ यजमान. या कुळातले पक्षी पिल्लांना गळ्यातल्या पिशवीत तयार होणारा दुधासारखा रस भरवतात आणि त्याबरोबर परजीवीही पिल्लाच्या घशात उतरतो. बरेचसे पारवे तो आयुष्यभर बाळगतात आणि त्यांना काही होत नाही. पण सगळेच इतके सुदैवी नसतात. मॉरिशसच्या जंगलातला गुलाबी पारवा १९९० च्या सुमारास जेमतेम दहाच्या आसपास उरला होता. मोठ्या कष्टानं त्याची संख्या वाढवली, तर घरट्यातली पिल्लं याच रोगानं दगावू लागली. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये ‘स्यू’ नावाचा टायरानोसॉरसचा प्रसिद्ध सांगाडा आहे. तिच्या खालच्या जबड्यातली गोल भोकं अशाच एखाद्या संसर्गाची असावीत, असं २००९ मध्ये काही संशोधकांनी मांडलं. पुढे दुसऱ्यांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला. तो वाद डायनासोरवाल्यांचा त्यांनी मिटवावा.

२००५ मध्ये ब्रिटनमध्ये हा परजीवी पारव्यांच्या घरातून बाहेर पडला आणि फिंच कुळात शिरल्याचं पहिल्यांदा लक्षात आलं. कसा शिरला? बागेतल्या दाण्यांखाली रानपारवे आणि होले फिंचांच्या खांद्याला खांदा लावून टिपत असतात; तिथेच कुठेतरी ही उडी झाली असावी, असा अंदाज आहे. त्या होल्यांपैकी एक आपल्या ओळखीचा आहे. मानेवर काळी कड असलेला, ज्याला आपल्याकडे पठाणी होला म्हणतात, तो मूळचा आशियातला. विसाव्या शतकात तो पश्चिमेकडे सरकत सरकत गेला आणि १९५५ मध्ये इंग्लंडच्या नॉरफकमध्ये त्याचं पहिलं घरटं सापडलं. त्याच्यावर आरोप ठेवायचं कारण नाही. त्याला बोलावलं कोणी? दाणे टाकणाऱ्यांनीच.

२००६ च्या उन्हाळ्याअखेर पश्चिम आणि मध्य इंग्लंडमधून फोन आणि पत्रं येऊ लागली: बागेत मेलेले ग्रीनफिंच, मेलेले चॅफिंच. झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडनच्या पशुवैद्यांनी त्यांची शवविच्छेदनं केली. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या स्वयंसेवकांच्या नोंदींशी ती ताडून पाहिल्यावर जे चित्र उभं राहिलं, ते धक्कादायक होतं. जिथे साथ सर्वांत जोरात होती, त्या भागांत पुढच्या विणीपर्यंत ग्रीनफिंच ३५ टक्क्यांनी आणि चॅफिंच २१ टक्क्यांनी घटले. पाच लाखांहून अधिक पक्षी गेले. २००७ मध्ये साथ पूर्वेला सरकली. २००८ मध्ये ती समुद्र ओलांडून फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वेत दिसली. तिथले चॅफिंच हिवाळ्यासाठी इंग्लंडला येतात आणि वसंतात परततात. परतताना त्यांनीच ती नेली असावी, असा कयास. ब्रिटनमधले विणीचे ग्रीनफिंच सुमारे ४३ लाखांवरून २००९ पर्यंत २८ लाखांवर आले. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या पक्ष्यांची धोक्याची यादी नव्यानं प्रसिद्ध झाली, तेव्हा हा पक्षी हिरव्या यादीतून मधली पिवळी पायरी ओलांडून थेट लाल यादीत गेला. १९९३ पासूनची घट ६२ टक्के.

ग्रीनफिंचच का, याचं उत्तर त्याच्या जेवायच्या पद्धतीत बरंचसं सापडतं. निळा टिट येतो, एक दाणा उचलतो आणि फांदीवर जाऊन खातो. म्हणजे डबा घेऊन घरी जाणारा. ग्रीनफिंच पंगतीला बसतो. थव्यानं येतो, नळीवर ठाण मांडतो, शेजाऱ्याला चोच दाखवून हुसकावतो, एकामागून एक दाणा जाड चोचीत फोडतो, टरफलं आणि नकोसे दाणे तिथेच टाकतो. सपाट थाळी असेल तर अर्धवट चघळलेला दाणा पुन्हा थाळीतच पडतो आणि त्यात वरून शिंतोडे आणि विष्ठा. लग्नाच्या पंगतीत पहिली पंगत उठल्यावर पत्रावळी तशाच ठेवून दुसरी बसवली, तर पाहुणे यजमानाचं नाव काय काढतील? इथे पाहुण्यांना बोलता येत नाही.

ही पंगत किती मोठी आहे, हे पाहिलं तर डोळे फिरतात. ब्रिटनमध्ये जवळपास निम्मी कुटुंबं पक्ष्यांना खायला घालतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, बागांमध्ये टांगलेल्या अन्नावर १९ कोटी ६० लाख पक्षी पोसले जाऊ शकतात. त्यासाठी दरवर्षी कोट्यवधी पौंड खर्च होतात. दुकानांत सूर्यफुलाचे काळे दाणे, नायजर म्हणजे आपला कारळा, शेंगदाणे, चरबीचे गोळे, वाळवलेल्या अळ्या, सगळं मिळतं. खाऊ घालण्याची भांडीही घराच्या सजावटीसारखी विकली जातात: तांब्याची, काचेची, छोट्या बंगलीच्या आकाराची. ती घासायला लागणारा लांब दांड्याचा ब्रश त्याच कप्प्याच्या तळाशी, धूळ खात. हॅरोपासून लेस्टरपर्यंत राहणाऱ्या मराठी घरांतून याच्या जोडीला शिळी पोळी आणि उरलेला भातही कुंपणाजवळ पडतो. पक्ष्यांना अन्न टाकायची सवय विमानातून बरोबर गेली आहे आणि ती चांगलीच आहे. फक्त जमिनीवर पसरलेलं ओलं अन्न पहिल्यांदा रानपारव्यांना बोलावतं, एवढं लक्षात ठेवायला हवं.

दाणे टाकणं हे पापच, असं म्हणणाऱ्यांचा एक वर्ग आता तयार झाला आहे. ते बरोबर नाहीत. वरच्याच अभ्यासात असं दिसलं, की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बागेतल्या अन्नावर जेमतेम ८ टक्के बागांत दिसणारा गोल्डफिंच आता ८७ टक्के बागांत येतो. शेतांमधून तण आणि त्याचं बी नाहीसं होत असताना बागांनी या पक्ष्याला हात दिला. त्याच काळात रानपारवाही दुर्मीळ पाहुण्यापासून जवळजवळ रोजचा झाला, हे मात्र त्याच आकड्यांच्या शेजारी लिहिलेलं आहे आणि ते वाचायचं टाळू नये. जे तारतं आणि जे मारतं, ते एकाच नळीतून ओतलं जातं आहे. हा रोग निसर्गाच्या लहरीवर सोडून देता येत नाही. त्याची गर्दी, त्याचा ओलावा आणि त्याचे शेजारी माणसानं जमवून दिले आहेत. त्यामुळे जबाबदारीही माणसाचीच.

२०२५ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या पक्षी संवर्धनातल्या सर्वांत मोठ्या संस्थेनं, आरएसपीबीनं, सपाट पृष्ठभागाच्या सगळ्या खाद्यपात्रांची विक्री थांबवली. १९७९ पासून दर जानेवारीत लाखो लोकांना बागेतले पक्षी मोजायला बसवणारी ही संस्था. पक्ष्यांना खायला घालायचं वेड ब्रिटनमध्ये जे वाढलं, त्यात तिचाही वाटा आहे आणि तिची दुकानं त्यावर चालतात. स्वतःचा माल स्वतः फळीवरून काढायला धारिष्ट लागतं, ते तिनं दाखवलं. २०२१ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात पाइन सिस्किन या छोट्या फिंचांमध्ये साल्मोनेलाची साथ आली, तेव्हा तिथल्या वन्यजीव विभागानंही लोकांना खाद्यपात्रं उतरवून ठेवायला सांगितलं होतं. रोग वेगळा, पंगत तीच.

उपाय साधे आहेत, म्हणूनच ते होत नाहीत. आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासायचं, सौम्य जंतुनाशकानं धुवायचं, खळखळून विसळायचं आणि पुन्हा भरण्याआधी पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. एक-दोन दिवसांत संपेल एवढंच अन्न ठेवायचं. नळी टांगायची जागा अधूनमधून बदलायची. फुगून बसलेला पक्षी दिसला, की काही आठवडे दाणापाणी बंद करायचं, म्हणजे थवा पांगतो. जंगली पक्ष्याला औषध देता येत नाही. पाळीव कबुतरांसाठी गोळ्या आहेत, पण बागेच्या पाण्यात औषध मिसळलं तर कोण किती प्यायला, कोण कमी प्यायला, काही कळत नाही आणि परजीवी औषधाला सरावतो. त्यामुळे घासणी हाच उपचार. दानात मिरवता येण्यासारखा भाग दाणे ओतण्याचा आहे. घासणीचा फोटो कोणी काढत नाही.

आपल्याकडे ग्रीनफिंच नाही. त्याचा एक पिवळ्या छातीचा भाऊबंद हिमालयात आहे, महाराष्ट्रात नाही. पण परजीवीचा मूळ यजमान इथे छपरा-छपरावर आहे. पारव्यांत हा परजीवी जगभर आढळतो आणि भारतातल्या पारव्यांतही त्याची नोंद आहे. २०२५ च्या जुलैत मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, आंदोलकांनी ती फाडली, उच्च न्यायालयात तारखा पडल्या. वाद दोन टोकांचा झाला: एकीकडे माणसाची फुप्फुसं, दुसरीकडे माणसाची श्रद्धा. दोन्ही बाजूंना माणूसच. ज्वारी-चण्याच्या त्या ढिगावर हजारोंनी बसणाऱ्या पारव्याच्या घशात काय चाललं आहे, त्याच ढिगाच्या कडेला टिपणाऱ्या होल्याला आणि चिमणीला त्यातून काय मिळतं, पारव्याचं पिल्लू उचलून नेणाऱ्या शिक्र्याच्या घरट्यात काय पोहोचतं, हे प्रश्न त्या गदारोळात फारसे ऐकू आले नाहीत. भूतदयेच्या नावानं भांडणाऱ्यांनी तरी ते विचारायला हवे होते. एका चौकात हजारो पक्ष्यांना रोज एकाच फरशीवर जेवायला बसवणं ही दया आहे की त्यांची छावणी, हे ठरवायला ताडपत्रीची गरज नाही.

ब्रिटनला आपले पाच लाख पक्षी गेल्याचं कळलं, कारण त्यांच्याकडे मोजणारे होते आणि मेलेला पक्षी उघडून बघणारे होते. २०१३ पासून तिथे या कामासाठी ‘गार्डन वाइल्डलाइफ हेल्थ’ नावाचा संयुक्त प्रकल्पच चालतो. बागेत मेलेली चिमणी, बेडूक, हेजहॉग दिसला तर सामान्य माणूस तिथे कळवतो. आपल्याकडे मोजणारे वाढले आहेत. गेल्या दहा-बारा वर्षांत हजारो पक्षिमित्रांच्या नोंदींवरून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल निघू लागला, ही मोठीच गोष्ट. उघडून बघणारे मात्र नाहीत. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या पटापट मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लू ठरला आणि त्या महिन्यात राज्यभरातल्या मेलेल्या कावळ्यांनाही अचानक भाव आला. साथ ओसरली, तसा मेलेला पक्षी पुन्हा झाडूवाल्याच्या सुपात. गॅलरीत दोन होले मरून पडले तर ते उन्हानं गेले, मांजरानं मारले की घसा बुजून गेले, हे सांगायची सोय शहरात नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, शिकणारी मुलं आहेत, शहरा-शहरांत पक्षिमित्रांचे गट आहेत. त्यांची गाठ घालून द्यायला फार पैसा लागणार नाही.

तोवर एप्रिल येतोच. दर उन्हाळ्यात सोसायट्यांतून, शाळांतून, वाढदिवसाच्या निमित्तानं मातीचे परळ वाटले जातात: ‘पक्ष्यांसाठी पाणी ठेवा’. वाटणाऱ्यांचे फोटो छापून येतात, आणि यावेत. महिन्याभरानं तोच परळ बघावा. तळाला हिरवं शेवाळ, वर तरंगणारं एक पीस, कडेला पारव्याची विष्ठा, पाणी कोमट. संध्याकाळी घरातलं कोणी येतं आणि पाणी आटलेलं बघून वरून तांब्याभर ओततं. जुनं फेकत नाही, कारण पाणी वाया घालवायचं नाही ही दुसरी चांगली सवय मध्ये येते. ते जुनं पाणी कुंडीतल्या तुळशीला घालता येतं. मग नारळाच्या शेंडीनं परळ घासायचा, विसळायचा आणि उलटा करून गच्चीच्या कठड्यावर ठेवायचा. तोवर पक्ष्यांसाठी दुसरा परळ भरून ठेवायचा. पहिला दुपारपर्यंत खडखडीत वाळतो. एप्रिलचं ऊन फुकट आहे, आणि या परजीवीला तेच सोसत नाही.